आधी शॉकअप, मग सायलेन्सर

दिवाळीच्या पुढेमागे कापसाचा पैसा हातात आला की आमच्या तालुक्याच्या मोटारसायकल मिस्त्रीकडे गर्दी वाढते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, पण रविवारची सकाळ बहुधा त्याच दुकानाच्या बाकड्यावर जाते. तिथे दोन तऱ्हेची माणसं येतात. एक म्हणतो, "आवाजवाला सायलेन्सर बसवून दे, गावात शिरलो की समजलं पाहिजे." दुसरा कंबर धरून उतरतो आणि म्हणतो, "मांगून लय आदयते न भाऊ." पहिला हजारो रुपये मोजून जातो. दुसरा खर्च ऐकून म्हणतो, "राहू दे, पुढच्या वर्षी पाहू." हे उलटं आहे. गाडीवर पैसा घालायचाच असेल तर आमच्या भागात तो आधी शॉकअपवर घालावा असं माझं ठाम मत आहे, आणि ते का, हे आज नीट उलगडून सांगायचं आहे.

सुरुवात रस्त्यापासून करू. आपली जमीन काळी. पाऊस पडला की फुगते, उन्हात आकसते, आणि मे महिन्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीवर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा वर येतो, थोडा खाली बसतो. म्हणून डांबर वरून गुळगुळीत दिसलं तरी गाडी त्यावर होडीसारखी डोलते. ही झाली लांब लाट. पुढे फाट्यावरून आत वळलं की उखडलेली गिट्टी, मोरीपाशी खड्ड्याची उभी कड, आणि शेवटी पांदण. हे झाले छोटे पण जोरदार दणके. शॉकअपला ही दोन्ही कामं करायची असतात, आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. लाटेवर चाक सावकाश वरखाली होतं, गिट्टीवर एका झटक्यात.

बैलबंडीत बसलेल्याला शॉकअपचं महत्त्व वेगळं सांगायला नको. चाक दगडावर चढलं की अख्खी बंडी चढते आणि वर बसलेल्याची कंबरही. मोटारसायकलीत चाक आणि माणूस यांच्यामध्ये स्प्रिंग असते. चाकाने वर जावं, माणसाने जागेवर राहावं आणि चाकाने लगेच परत जमिनीला टेकावं, एवढंच तिचं काम. यातली शेवटची गोष्ट लोक विसरतात. चाक हवेत असताना ब्रेक लागत नाही आणि गाडी वळतही नाही. शॉकअप हा कमरेच्या सुखापुरता मामला नाही. चाक जमिनीला धरून ठेवणं हे त्याचं पहिलं काम.

पण नुसती स्प्रिंग पुरत नाही. ती दाबली की जोर साठवते आणि सुटली की परत देते, मग गाडी पाळण्यासारखी झुलत राहते. ते झुलणं थांबवतं तेल. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्यात बारीक छिद्रं असलेला दट्ट्या फिरतो आणि तेलाला त्या छिद्रांतून जावं लागतं. होळीची पिचकारी आठवा. दांडा हळू ढकलला तर पाणी सहज जातं, जोरात ढकलला तर हात भरून येतो. छिद्रातून तेल दुप्पट वेगाने ढकलायचं म्हटलं तर जोर साधारण चौपट लागतो. स्प्रिंग वजन पेलते आणि तेल उसळी आवरतं, ही दोन कामं डोक्यात वेगळी ठेवली की निम्मा विषय समजला.

तेल संपलंय की नाही हे घरच्या अंगणात कळतं. गाडी सरळ धरा, सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी जोरात खाली दाबा आणि सोडा. वर येऊन एकदाच स्थिरावली तर तेल काम करतंय. दोनतीनदा हेलकावली तर शॉकअप गेलेला आहे, मग तो बाहेरून कितीही चकचकीत असो. पुढचा ब्रेक धरून हँडलवर भार टाकला की पुढच्या शॉकअपचीही हीच परीक्षा होते.

आता ज्यावर एक रुपयाही लागत नाही ती गोष्ट. माणूस बसल्यावर गाडी किती खाली बसते, ते मोजायचं. याला सॅग म्हणतात, मी मुलांना 'बैठक' म्हणून सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी राहू द्या. मागच्या आसाच्या नटापासून सरळ वर, सीटखालच्या पत्र्यावर खडूने खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, नेहमीच्या कपड्यांत नीट बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. फरक म्हणजे तुमची बैठक. चाकाची पूर्ण हालचाल १०० मिलिमीटर असेल तर बैठक २५ ते ३५ च्या दरम्यान असावी, म्हणजे ढोबळमानाने तिसरा हिस्सा. कारण चाकाला फक्त वर जायचं नसतं. खड्डा आला की खालीही जायचं असतं, आणि त्यासाठी थोडी हालचाल राखून ठेवावी लागते.

माझ्या गाडीचं अधांतरी अंतर ५४० मिलिमीटर भरलं. मी एकटा बसलो तेव्हा ५१२, म्हणजे बैठक २८. ठीक. मग आईला मागे बसवलं, कारण महिन्यातून दोनदा तिला दवाखान्यात यवतमाळला न्यावं लागतं. टेप ४९६ वर आला. बैठक ४४. निम्म्याच्या जवळ हालचाल बसल्याबसल्याच संपली, आता मोरीच्या कडेवर गाडी आदळणार नाही तर काय होणार? शॉकअपच्या खालच्या अंगाला पायऱ्या पाडलेली एक कडी असते. बऱ्याच गाड्यांना अशा पाच पायऱ्या असतात आणि ती फिरवायचा वाकडा पाना टूलकिटमध्ये मिळतो. दोन्ही बाजूंनी तीन पायऱ्या चढवल्या, टेप ५०५ वर आला, बैठक ३५. त्या रविवारी माझा खर्च शून्य होता. आई घरी येऊन म्हणाली, "आज रस्ता केला वाट्टे." रस्ता तसाच होता.

पायरी चढवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळेच म्हणतात. तसं होत नाही. समजा स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २ किलो लागतात. ६० किलो भार टाकला की ती ३० मिलिमीटर बसेल. आता कडी फिरवून ती आधीच १० मिलिमीटर दाबून ठेवली. पहिले २० किलो तेवढ्यातच जिरतात, उरलेल्या ४० किलोंनी गाडी २० मिलिमीटर बसते. गाडी १० मिलिमीटर उंच राहिली एवढंच. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर अजूनही २ किलोच मागतो. म्हणून शेवटच्या पायरीवरही बैठक जास्त येत असेल तर कडी फिरवून उपयोग नाही, तुमच्या वजनाला ती स्प्रिंगच अपुरी आहे. आणि जो एकटाच फिरतो त्याने शेवटच्या पायरीवर गाडी ठेवू नये. बैठक जवळजवळ राहत नाही, खड्डा आला की चाक खाली जाऊ शकत नाही आणि गाडी उड्या मारते.

नवे शॉकअप घ्यायची वेळ इथे येते, आधी नाही. मागचे शॉकअप घेताना लोक लाल-पिवळा रंग आणि बाजूला चिकटलेली छोटी टाकी बघतात. टाकीचा उपयोग खराच आहे. आतलं तेल जोरात घुसळलं गेलं की त्यात हवेचे बुडबुडे धरतात, फेस होतो आणि फेसाला छिद्रातून जायला जोर लागत नाही. शॉकअप मऊ पडतो. टाकीत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असला की तेल सतत दाबलेलं राहतं आणि बुडबुडे धरत नाहीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेल आधीच पातळ झालेलं असतं, तेव्हा पांदणीच्या तिसऱ्या किलोमीटरला हा फरक हाताला कळतो. पण स्वस्तातल्या कित्येक शॉकअपांची टाकी नुसती शोभेची, आत जोडलेलीच नसते. विकत घेताना तीन प्रश्न विचारा: माझ्या गाडीच्या मॉडेलसाठी स्प्रिंग कोणती, दोन्ही छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी किती, आणि आतलं तेल-सील, म्हणजे तेल आणि ते अडवणारी रबरी कडी, बदलून मिळतं का. लांबी मूळ शॉकअपएवढीच हवी. मागून गाडी उंच केली की पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या दोन नळ्या, उभा होतो, हँडल चपळ होतं पण वेगात अस्थिर वाटतं. चेनची ढील बदलते, साईड स्टँडवर गाडी जास्त कलते.

एक मात्र आधी तपासा. टायरची हवा, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांडीचे) बुश, आणि हँडल फिरतं तिथला कोनसेट. यातला एक जरी सैल असला तर कुठल्याही किमतीचा शॉकअप गाडी सरळ करू शकणार नाही.

पुढच्या शॉकअपची गोष्ट मी स्वतः भोगली आहे. गाडी ब्रेक मारला की नाक खुपसायची. एका दुकानात सल्ला मिळाला, "जाड ऑईल टाका सर, टाईट होईल." फोर्कमध्ये चक्क इंजिनचं २०-४० ऑईल भरलं. लांब लाटेवर गाडी खरोखर छान झाली. मी खूश. पण गिट्टीच्या रस्त्यावर आठ दिवसांत मनगटं दुखायला लागली, खडू धरवेना. वर सांगितलेली पिचकारी इथे आठवायची. जाड तेल सावकाश हालचाल आवरतं, पण झटक्याच्या वेळी छिद्रातून निघायला तयार होत नाही. फोर्क त्या क्षणी लोखंडी दांडा होतो आणि दणका सरळ हातात येतो.

मग आमच्या मिस्त्रीने दोन्ही फोर्क उतरवले. मी परातीवर वाकून पाहत होतो. तेल राखाडी होतं, ढवळलेल्या चिखलासारखं, कुजलेल्या माशांचा वास आणि तळाशी लोखंडाची चकचकीत भुकटी. म्हणजे मी जाड तेल टाकलं तेव्हा आधीची घाणही धुतली गेली नव्हती. त्याने रॉकेलने नळ्या धुतल्या, सील बदलले आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं फोर्क ऑईल मोजपट्टीने भरलं. दोन्ही बाजूंना पातळी मिलिमीटरपर्यंत सारखी. ही पातळी महत्त्वाची आहे, कारण तेलाच्या वर जी हवा उरते तीही स्प्रिंगसारखी काम करते. तेल जास्त झालं तर हवेला जागा राहत नाही, मोठ्या खड्ड्यात दाब सीलवर येतो आणि सील फुटतो. नाक खुपसायचं थांबवायला त्याने तेल जाड केलं नाही, थोडी कडक स्प्रिंग टाकली. वजन पेलायचं काम स्प्रिंगचं, ते तिलाच दिलं.

आणि एक सवय लावून घ्या. पावसाळ्यात काळा चिखल फोर्कच्या चकचकीत दांड्यावर वाळतो, दगडासारखा. तो तसाच आत गेला की सीलची कड कापली जाते, तेल पाझरतं आणि खाली ब्रेकवर येतं. घरी आल्यावर ओल्या फडक्याने दांडा पुसायला अर्धा मिनिट लागतो.

आता सायलेन्सर. याबद्दल गैरसमज जास्त आहेत, म्हणून नीट सांगतो.

इंजिनातून जळका वायू सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एक ठोका. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ३००० ठोके, सेकंदाला ५०. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट बेंड पाईपमधून, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाईपमधून, पळते. बाहेरच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तापलेल्या वायूत ५०० च्या वर. ही लाट जिथे पाईप एकदम मोकळा होतो तिथे पोचली की उलटी फिरते, आणि फिरताना दाबाची लाट ओढणारी होते. ती इंजिनापाशी नेमक्या वेळी आली, म्हणजे जळका वायू सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होता होता आणि ताजं मिश्रण घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उघडता उघडता, तर उरलेला जळका वायू खेचून काढते आणि ताजं मिश्रण आत ओढते. फुकटात ताकद.

पण वेळ जमली तरच. पाईप १ मीटरचा धरला तर जाऊन-येऊन २ मीटर, म्हणजे ४ मिलिसेकंद. तेवढ्यात ६००० फेऱ्यांवर क्रँक (इंजिनाचा फिरणारा दांडा) १४४ अंश फिरतो, ३००० वर फक्त ७२ अंश. म्हणजे तोच पाईप एका वेगाला मदत करतो आणि दुसऱ्या वेगाला आडवा येतो. कंपनीने पाईपची लांबी, जाडी आणि आतले कप्पे बघून तडजोड केलेली असते, आणि १०० ते १५० सीसीच्या गाड्यांत ती तडजोड बहुतेक आपल्यासाठीच असते: खालच्या फेऱ्यांवर ओढ, भार घेऊन चढ चढणं, ॲव्हरेज. मोकळा सायलेन्सर लावला की वरच्या फेऱ्यांवर थोडं मिळतं आणि खालून जातं. "इंजिनाला बॅक प्रेशर लागतं" असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, वेळेवर आलेली लाट हवी असते. आतली नळी काढून टाकली की अडथळ्याबरोबर ती वेळही जाते. डीएपी खताचं ५० किलोचं पोतं मागे बांधून दुसऱ्या गिअरवर चढावर निघालेल्या माणसाला ८००० फेऱ्यांवरची अर्धा घोडा जादा ताकद काय करायची आहे?

दुसरी बाब मिश्रणाची. पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा वजनाने लागते. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा घेतं, पण कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तेवढाच. मिश्रण कोरडं पडतं, इंजिन तापतं. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या अंगात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे अशा पेट्रोलला साडेतेराच्या आसपासच हवा पुरते, म्हणजे जुनी कार्बोरेटरवाली गाडी आधीच थोडी कोरडी चालते. वर मोकळा सायलेन्सर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. गॅस सोडल्यावर फटफट आवाज येतो ना, ज्याचं पोरांना कौतुक असतं, तो सायलेन्सरमध्ये न जळालेलं पेट्रोल पेटल्याचा आवाज आहे.

मिस्त्री यावर मोठा मेन जेट टाकतात. पण मेन जेट पाऊण ते पूर्ण गॅसला काम करतो. आपण चाळीस-पन्नासच्या वेगाने जातो तेव्हा गॅस पावच उघडलेला असतो, तिथे पायलट जेट आणि सुई यांचा कारभार चालतो. मोठा मेन जेट टाकून रोजच्या चालीत काहीच सुधारत नाही, एखाद्या दिवशी पूर्ण गॅस दिला तर पेट्रोल मात्र जास्त जातं. बदल करायचाच तर तिन्ही जुळवून घ्यावे लागतात, आणि ते कान आणि प्लगचा रंग बघून एका दुपारी होत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा (धुराच्या कडक मर्यादा पाळणाऱ्या) गाड्यांत गोष्ट आणखी गुंतते. इंजेक्शनवाल्या गाडीच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो संथ चालीत मिश्रण सावरून घेतो, पण पूर्ण गॅसला संगणक ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच पेट्रोल सोडतो. शिवाय बेंड पाईपात किंवा सायलेन्सरच्या पोटात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम यांचा लेप दिलेली जाळी. विषारी वायू तिथे निवळतात. सायलेन्सर काढून ठेवला की तीही गेली. नंतर मीटरवर इंजिनाचा दिवा लागतो आणि मुलगा विचारत येतो, "सर, हा दिवा कायचा हाय?"

कायदाही माहीत असू द्या. नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडताना ८० ते १७५ सीसीला आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आणि त्यावर ८० डेसिबल आहे. हे आकडे फसवे असतात. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या मनमानी बदलांना मनाई करतं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाजाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बंद. नागपुरात जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, ते उगीच नाही.

पण दंडाच्या आधी मला एक दुपार आठवते. कापसाने भरलेली बंडी रस्त्याच्या कडेने चालली होती, वर म्हातारा बसलेला. मागून एक जण सायलेन्सरचे फटाके फोडत गेला. डावा बैल बुजला, जू वाकडं झालं, बंडीचं एक चाक नालीत उतरलं. म्हातारा कासरा सोडून बैलाच्या मानेला बिलगला आणि नुसता "हो, हो, हो राजा" म्हणत राहिला. बैलाच्या पोटाची कातडी थरथरत होती. आम्ही चौघांनी मिळून बंडी वर काढली. फटाके फोडणारा तोवर पुढच्या गावात पोचला असेल. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावायला कोणी मला विचारतो तेव्हा मी त्याला हीच गोष्ट सांगतो, डेसिबल नंतर.

मूळ सायलेन्सर सडला असेल तर काय? सांध्यातून काळा धूर दिसतोय, हलवल्यावर आत पत्रा खुळखुळतो. तेव्हा कंपनीचाच नवा बसवा आणि बेंड पाईपची गॅस्केटही नवी टाका. जुनी गॅस्केट गळत राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नव्या सायलेन्सरमधूनही फटफट येते. बुलेटवाल्यांना आवाजाची हौस असते हे मी जाणतो. त्यांनी मान्यताप्राप्त, कन्व्हर्टरसह येणारा, स्वतःच्या मॉडेलचा सायलेन्सर घ्यावा आणि बिल जपून ठेवावं. 'इंदोरी' किंवा 'पंजाब' नावाने मिळणारी रिकामी नळी नाही.

परवा आमच्याच शाळेतून बाहेर पडलेला एक मुलगा १५० सीसीची जुनी गाडी घेऊन आला. त्याला सायलेन्सर हवा होता. मी म्हटलं, आधी बस, टेप धरतो. तो रोज आईला कामावर सोडतो, आणि दोन्ही शॉकअप पहिल्या पायरीवर. बैठक ४८ आली. एका फोर्कच्या दांड्यावर तेलाची ओली कडी दिसत होती. मिस्त्रीने कडी तीन पायऱ्या चढवली, सील आणि फोर्क ऑईल बदलायला बुधवारचा दिवस दिला. मागून उंच झाल्यामुळे हेडलाईट खाली उतरला होता. अंधार पडल्यावर आईला मागे बसवून गाडी शाळेच्या भिंतीसमोर लावली, आणि मी भिंतीवर खडूने रेघ मारून त्याला स्क्रू फिरवायला सांगितला.